पडदा पाडायचा शब्द

“मी मेलो तरी पडदा पाडायचा नाही, दगडूमामा,” धारवाडकरसाहेब म्हणाले. “शब्द कानावर पडला की दोरी सोडायची. शब्द नाही, तर दोरी नाही. कळलं?”

“कळलं, साहेब.”

“शब्द काय आहे?”

“व्हय, मीच मारलं बाईसायबांस्नी.”

“शाब्बास. आणि वैजू, तू काय करायचंस?”

“गुडघ्यावर बसायचं, पदर तोंडाला लावायचा आणि ते वाक्य म्हणायचं.”

“रडत.”

“रडत,” मी म्हटलं.

दगडूमामा साखर कारखान्यात फिटर होते आणि वसाहतीतल्या प्रत्येक नाटकाचा पडदा त्यांच्याच हातात असे. आमच्या स्टेजच्या डाव्या अंगाला विटांची एक भिंत होती आणि तिच्याआड पडद्याची दोरी. तिथून स्टेज दिसायचं नाही, नुसतं ऐकू यायचं. आदल्या वर्षीच्या नाटकात एक सरदार उकाड्यानं चक्कर येऊन धाडकन पडला. मामांना वाटलं नाटक संपलं. राजेसाहेब तलवार उपसत असतानाच त्यांनी पडदा सोडला. राजेसाहेब म्हणजे धारवाडकरसाहेबच. सगळ्यांदेखत त्यांनी मामांना असं झापलं होतं की मामा आठवडाभर कुणाशी बोलले नव्हते. तेव्हापासून हा शब्दाचा नियम.

धारवाडकरसाहेब कारखान्याचे कामगार अधिकारी. पण ती त्यांची पोटापाण्याची नोकरी. मनानं ते डिटेक्टिव्ह होते. त्यांच्या कपाटात रहस्यकथांची चळत होती आणि इंग्रजी सिनेमातल्यासारखी एक हॅट. गळीत हंगाम संपला की कारखान्यात सांगता समारंभ व्हायचा, तेव्हाचं नाटक दरवर्षी तेच लिहीत, तेच बसवत आणि नायकही तेच होत. त्या वर्षीच्या नाटकाचं नाव होतं ‘अंधाराला फुटले पाय’. डिटेक्टिव्ह दिग्विजय नावाचा एक धुरंधर मोहिनीबाई नावाच्या नटीच्या खुनाचा छडा लावतो, अशी गोष्ट. मोहिनीबाई ओठात सिगारेट धरते असं साहेबांनी लिहिलं होतं, त्यामुळे वसाहतीतल्या एकाही नवऱ्यानं बायकोला ते काम करू दिलं नाही. शेवटी मोहिनीबाई पडदा उघडायच्या आतच मेलेल्या ठरल्या. स्टेजवर बाई म्हणून उरली ती एकच. बंगल्यातली मोलकरीण चंद्री, म्हणजे मी. आणि खुनीही चंद्रीच.

तालमीत मी एकदा विचारलं होतं, “साहेब, चंद्री बाईसाहेबांना मारते कशासाठी?”

साहेबांनी काळा चष्मा कपाळावर चढवून माझ्याकडे पाहिलं. “कशासाठी म्हणजे?”

“म्हणजे कारण काय?”

“तसल्या बायकांना कारण लागतं का?” ते म्हणाले आणि पुढच्या प्रवेशाकडे वळले.

मी गप्प बसले. गप्प बसायला मला कारण होतं.

माझी आई, सगुणाबाई, कारखान्याच्या गेस्ट हाऊसमध्ये स्वयंपाकाला होती. वडील गेल्यावर ती नोकरी मिळाली आणि नोकरीबरोबर वसाहतीतली एक खोली. हंगाम ऐन भरात असताना तिथं उतरलेल्या एका संचालकांचं सोन्याचं घड्याळ हरवलं. हात धुताना बेसिनवर काढून ठेवलं, म्हणाले. झालं, धारवाडकरसाहेबांना जन्मभर वाट पाहिलेली केस मिळाली. ते हॅट घालून गेस्ट हाऊसवर आले. बोटांचे ठसे घ्यायला त्यांनी घरून लहान पोराची टाल्कम पावडर आणली आणि स्वयंपाकघरभर उधळली. आणि ठसे मिळाले. पिठाच्या डब्यावर मिळाले, तव्यावर मिळाले, बेसिनच्या नळावर मिळाले. सगळे माझ्या आईचे! स्वयंपाकघरात स्वयंपाकिणीचे ठसे सापडले म्हणून तो माणूस इतका खूश झाला, की मला त्याही दिवशी हसू येत होतं. आई मात्र ती पावडर पुसत बसली होती, कारण पाहुण्यांचं जेवण व्हायचं होतं.

पोलिसांत कुणी गेलं नाही. साहेबांना कबुली हवी होती. “एकदा हो म्हणा, सगुणाबाई. चेअरमनसाहेबांसमोर तोंडी हो म्हणा, प्रकरण मिटेल, नोकरी राहील.” आई म्हणे, “मी न्हाई घेतलं.” मग तिचं काम थांबलं. मग खोली सोडायचा निरोप आला. वसाहतीतल्या बाया नळावर आईची घागर भरेपर्यंत बोलेनाशा झाल्या. आणि एक दिवस साहेबांनी मला बोलावून चंद्रीचं काम दिलं. म्हणाले, “तुला शोभेल. नीट कर. आईच्या बाबतीत मलाही मग चार शब्द टाकता येतील.”

म्हणून मी तालमीला जात होते आणि रोज रडत म्हणत होते, व्हय, मीच मारलं.

नाटकाच्या दिवशी दुपारी घरी आले तर आई तिचं एकुलतं चांगलं लुगडं वाळत घालत होती.

“कुठं निघालीस?” मी विचारलं.

“उद्या सकाळी चेअरमनसायबांकडं. हो म्हणून येते.”

“घड्याळ तू घेतलंयस?”

“खुळी का काय तू?”

“मग हो का म्हणायचं?”

तिनं लुगडं दोरीवरून ओढलं, पुन्हा झटकलं, पुन्हा वाळत घातलं. “खोली जाती गं. तुला घेऊन जाऊ कुठं? एका शब्दाचा तर प्रश्न हाय. घटकाभर मान खाली घालायची, म्हणायचं, मिटलं.”

“आणि जन्मभर चोर म्हणवून घ्यायचं?”

“तू न्हाईस का आज म्हणणार?” आई म्हणाली. “मीच मारलं म्हणून रोज घोकतीस की घरात. म्हणून तुला कुणी खुनी म्हणतंय का? आज तू म्हण, उद्या मी म्हणते. नाटकच हाय सगळं.”

राग इतका आला होता की डोळ्यांतून पाणी येईना. आईवरचा राग नव्हता तो. तिला ही वाट मीच दाखवली होती, रोज संध्याकाळी, चुलीपुढं, पदर तोंडाला लावून.

संध्याकाळी मैदान भरलं. पुढच्या खुर्च्यांवर चेअरमनसाहेब, संचालक, त्यांच्यात ते घड्याळवाले. मागं सतरंज्यांवर वसाहत. त्याहीमागं, बायकांच्या बाजूला, कडेला आई उभी होती. एप्रिलचा उकाडा, वर मळीचा आंबूस वास. अशा हवेत डिटेक्टिव्ह दिग्विजय पायघोळ ओव्हरकोट, हॅट आणि काळा चष्मा घालून स्टेजवर आले.

साहेबांना इंग्रजी सिनेमातला धूर हवा होता. मांडवात विडी-काडीला बंदी, म्हणून विंगेत दोन धुपाटणी ठेवून ऊद घातला होता. धूर झकास निघाला, पण वास देवळाचा. दिग्विजय धुरातून पाठमोरे प्रकटले आणि पुढच्या रांगेतल्या दोन म्हाताऱ्यांनी चटकन हात जोडले. खिडकीच्या सावलीचे पट्टे पडावेत म्हणून दिव्यापुढं बांबूची तट्टी धरली होती. ती धरणाऱ्याचा हात अवघडला की सगळा बंगला हलायचा. क्लॅरनेटवाला आमच्या लग्नाच्या बँडमधला. त्याला भीतीचं संगीत येत नव्हतं, त्यानं वरातीचंच हळू वाजवलं. लोक हसू दाबत होते. मोठ्या साहेबांचं नाटक, हसायचं कसं?

दोन अंक असेच गेले. घामानं दिग्विजयांच्या मिशीचा एक कोपरा सुटला होता आणि ते बोलताना तो दाबून धरत होते. मग शेवटचा प्रवेश आला. पिस्तूल, म्हणजे वर्कशॉपमध्ये केलेला नळीचा तुकडा, माझ्यावर रोखून ते गरजले, “चंद्रे! तुझा खेळ संपला! मोहिनीबाईंचा खून तूच केलास!”

मला गुडघ्यावर बसायचं होतं. मी उभी राहिले. समोर अंधारात मला आई दिसत नव्हती, पण ती कुठं उभी आहे ते ठाऊक होतं.

“कशावरून?” मी म्हटलं.

विंगेतून प्रॉम्प्टरनं माझं वाक्य सांगितलं. मी ऐकलं नाही असं दाखवलं. दिग्विजयांनी विंगेकडं पाहिलं. पण हाडाचे नट होते ते. त्यांनी नाटकातलंच मागचं वाक्य पुन्हा काढलं. “खिडकीखालच्या चिखलात तुझ्या पायांचे ठसे सापडले आहेत!”

“तितं मी रोज भांडी घासतीया, साहेब. माझं ठसं न्हाईत तर काय हत्तीचं सापडतील?”

सतरंजीवर कुणीतरी फिसकलं.

“खुनाच्या रात्री तू बंगल्यातच होतीस!”

“मग खरकटं कोण काढणार? तुमी येताय का उद्यापास्नं?”

आता हसू फुटलं. आधी मागच्या बाजूला, कारखान्यातले कामगार बसले होते तिथं. मग ते पुढं सरकत आलं. साहेबांनी सुटलेली मिशी दाबली आणि आवाज चढवला. “अंधार होता, पण मी माझ्या या डोळ्यांनी तुला पाहिलं!”

“काळा चष्मा घालून?”

अख्खं मैदान कोसळलं. खुर्च्यांवरच्या एका संचालकांनी रुमाल तोंडात कोंबला. बांबूची तट्टी धरणाराही हसत असणार, कारण सगळा बंगला गदागदा हलायला लागला. मला मात्र हसू येत नव्हतं. तोंड आपोआप चालत होतं.

“थांबा, साहेब,” मी म्हटलं. “मला एक सांगा. तुमी मला बघितलं तवा तुमी हुता कुठं?”

हे त्यांनीच लिहिलं होतं, दुसऱ्या अंकात, मोठ्या झोकात. त्यांना ते बदलता येईना. “पडद्याआड,” ते म्हणाले. “मी पडद्याआड दबा धरून बसलो होतो.”

“आन बाईसायबांचा खून चालला हुता?”

“हो… अर्थात.”

“तुमच्या हातात पिस्तूल हुतं?”

त्यांनी नळीचा तुकडा खाली केला.

“मग वाचवलं का न्हाई?”

हसणं थांबलं. असं एकदम थांबलं की धुपाटण्यातला निखारा तडकलेला ऐकू आला. “बाई मरत हुती, तुमी बघत उभं हुता. काय केलं न्हाईसा. आन सकाळी येऊन जी भांडी घासतीया तिचं ठसं शोधत बसलासा. का? तर ती गरीब हाय, ती हो म्हणंल म्हणून?”

चंद्री बोलते आहे की वैजू, ते कुणाला कळत नव्हतं. मलाही कळत नव्हतं. घड्याळवाले संचालक खुर्चीत चुळबुळले.

“चंद्रे,” साहेब दात आवळून म्हणाले, “कबूल कर. गुन्हा कबूल कर!”

“न्हाई.”

“कर म्हणतो ना!”

“मी केला न्हाई. मी हो म्हणनार न्हाई.”

आता नाटक पुढं जायला जागाच नव्हती. साहेबांनी डावीकडं पाहून मानेनं खूण केली, पडदा, पडदा. पण दगडूमामा भिंतीआड होते. त्यांनी पुन्हा हात हलवला. पडदा हलला नाही. शब्द नाही, तर दोरी नाही. ओव्हरकोटातून घाम ठिबकत होता, ऊद डोळ्यांत जात होता, क्लॅरनेटवाल्याला वाटलं आपलंच चुकलं, त्यानं पुन्हा वरातीचं सुरू केलं आणि पुन्हा हशा उसळला. मी हाताची घडी घालून उभी. साहेब माझ्याजवळ आले आणि पुटपुटले, “वाक्य म्हण.”

मी नुसती मान हलवली.

“म्हण! व्हय, मीच मारलं…”

“ऐकू येत न्हाई, साहेब,” मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं.

आणि त्या माणसाचा तोल गेला. त्यानं हॅट काढून स्टेजवर आपटली आणि हंगामाचा भोंगा वाजावा तसा ओरडला, “व्हय! मीच मारलं बाईसायबांस्नी!”

खर्रर्र करून पडदा पडला.

पलीकडं काय गदारोळ झाला ते वर्णन करायला मी तिथं नव्हते, मी पडद्याच्या अलीकडं होते. पण शिट्ट्या, टाळ्या, आणि कुणीतरी घसा फाडून ओरडलं, “सापडला रं खुनी!” ते मला आजही ऐकू येतं. पुढं कितीतरी वर्षं आमच्या भागात लोक सांगत, असला फर्मास विनोदी डिटेक्टिव्ह उभ्या जन्मात पाहिला नाही. साहेबांनी मुद्दामच तसं लिहिलं होतं, असंही काहींना वाटलं. ते बिचारे शेवटपर्यंत कुणाला नाही म्हणू शकले नाहीत.

साहेब मात्र तेव्हा भिंतीआड धावले. मीही मागं गेले.

“पडदा का पाडलात?”

“शब्द आला की, साहेब,” दगडूमामा म्हणाले. दोरी अजून त्यांच्या हातात होती.

“तो तिनं म्हणायचा होता!”

“कुनी म्हणायचा ते तुमी सांगितलं न्हवतं. शब्द आला की सोडायची, म्हणालासा. मला हितनं दिसतंय कुठं?”

पंधरा वर्षं साहेबांच्या शिव्या खाल्लेल्या माणसाला साहेबांचा आवाज ओळखू आला नाही, असं मी तरी म्हणणार नाही. मामांनी माझ्याकडं पाहिलं नाही. त्यांनी दोरी नीट गुंडाळून खुंटीला अडकवली आणि ते घरी गेले.

घड्याळाचं काय झालं, असं लोक मला विचारतात. रहस्यकथा वाचून वाचून सगळ्यांना शेवटी चोर लागतो. मला माहीत नाही. ते कुणी घेतलं, की कुठल्या गाडीत पडलं, की घड्याळवाल्यांच्याच घरी उशीखाली सापडलं, आम्ही कधी शोधलं नाही. आम्ही का शोधावं? आईनं घेतलं नव्हतं, एवढं पुरे होतं. चोर पकडून दिला तरच तू साव, हा कुठला न्याय?

नोकरीचंही सांगून टाकते. ती गेली. खोलीही गेली. आम्ही तालुक्याच्या गावी स्टँडमागं पत्र्याची जागा घेतली आणि आईनं खानावळ घातली. पहिला महिना आम्ही एकमेकींचंच जेवण जेवलो. मग हळूहळू कारखान्याचे कामगार येऊ लागले, आणि एकेकाळी नळावर न बोलणाऱ्या बायांचे नवरेसुद्धा. तिच्या हातची आमटी खाल्ली की माणूस परत यायचाच.

पण त्या रात्री यातलं काही ठरलेलं नव्हतं. नाटकानंतर मी आणि आई चालत घरी गेलो. ती भराभर पुढं चालत होती. मला भीती वाटत होती. मी खोली घालवली होती, हे मला कळत होतं. दारात पोचल्यावर ती म्हणाली, “लुगडं वाळलं असंल. आत आन.”

“म्हणजे तू उद्या जाणार?”

“बोलावलंय तर जायला नको?”

सकाळी ती ते लुगडं नेसली, कुणाच्या लग्नाला निघाल्यासारखी. मी हट्टानं बरोबर गेले. गेस्ट हाऊसच्या व्हरांड्यात चेअरमनसाहेब बसले होते, शेजारी घड्याळवाले संचालक, आणि पलीकडं धारवाडकरसाहेब. हॅट नव्हती, चष्मा नव्हता. ओठावर गोंदाचा पांढरा पट्टा तेवढा राहिला होता. आत जी कुणी नवीन बाई चपात्या लाटत होती, तिचं लाटणं थांबलं.

“सगुणाबाई,” धारवाडकरसाहेब माझ्याकडं न बघता म्हणाले, “वेळ घालवू नका. चेअरमनसाहेबांना पुढं जायचंय. एकदा हो म्हणा, मोकळ्या व्हा.”

आईनं मान खाली घातली नाही. ती चेअरमनसाहेबांकडं वळली आणि अगदी शांतपणे, पाहुण्यांना आणखी काय वाढू असं विचारावं तसं, म्हणाली, “साहेब, हो तर ह्यांनी काल म्हटलं. सगळ्या वसाहतीनं ऐकलं. आता आनिक मी कशाला म्हणू?”